गाडी नसलेल्या पाहुण्याची मुंबई

मुंबई बघायला येणारा माणूस म्हटलं की गेटवेसमोर फोटो काढणारा परदेशी पर्यटक डोळ्यांसमोर येतो. पण या शहराचे सर्वांत जास्त पाहुणे आपलेच असतात. मे महिन्याच्या सुट्टीत डोंबिवलीच्या मावशीकडे उतरून राणीची बाग आणि गिरगाव चौपाटी बघायला निघालेलं कुटुंब, भाद्रपदात लालबागच्या रांगेत रात्र काढणारी सातारा-सांगलीकडची मंडळी, मंगळवारी सिद्धिविनायकाला येणारे भाविक, ६ डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून चैत्यभूमीवर येणारा जनसागर. यांतल्या फार थोड्यांकडे गाडी असते. ज्यांच्याकडे असते त्यांनी ती मुंबईत आणू नये, कारण इथे गाडी चालवण्यापेक्षा ती उभी करायला जागा शोधणं जास्त महाग पडतं. दिवसभर ॲपवरची टॅक्सी करून फिरण्याइतके पैसे तर बहुतेकांकडे नसतातच. मग या पाहुण्याने मुंबई कमी पैशांत बघायची कशी, आणि शहर त्याला त्यासाठी कितपत मदत करतं, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर शोधताना एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. मुंबईतली स्वस्त वाहतूक पर्यटकासाठी कुणी उभारलेलीच नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली, १८७४ साली घोड्यांच्या ट्राम आल्या, १९०७ साली विजेच्या ट्राम धावू लागल्या आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. हे सगळं वाढत गेलं ते गिरणीत, गोदीत, कचेरीत वेळेवर पोचायला हवं अशा माणसासाठी. त्या माणसाला परवडलं पाहिजे म्हणून तिकीट स्वस्त राहिलं. पाहुणा त्याच तिकिटावर फिरतो. त्यामुळे रोज प्रवास करणाऱ्याचं जे बिघडतं त्याचा फटका पाहुण्याला दुप्पट बसतो. रोजच्या माणसाला दुसरी वाट ठाऊक असते, पाहुण्याला नसते.

सुरुवात लोकलपासूनच करावी लागेल. मुंबईचा नकाशा उभा, अरुंद आणि दोन्ही बाजूंनी पाण्याने दाबलेला आहे. चर्चगेटहून डहाणूकडे जाणारी पश्चिम रेल्वे, सीएसएमटीहून कल्याण आणि पुढे कर्जत-कसाऱ्याकडे जाणारी मध्य रेल्वे आणि पनवेल-गोरेगावकडे फुटणारी हार्बर या तीन मार्गांवर उत्तर-दक्षिण प्रवासाचा बहुतेक भार आहे. रोज सत्तर लाखांच्या आसपास माणसं लोकलने जातात. दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट पाच रुपये आहे आणि चर्चगेटहून बोरिवलीपर्यंतचा ३४ किलोमीटरचा प्रवास पंधरा रुपयांत होतो. कान्हेरी लेणी पाहायला निघालेल्या माणसाला दक्षिण मुंबईतून राष्ट्रीय उद्यानाच्या जवळ पोचायला एवढेच पैसे लागतात. यापेक्षा स्वस्त प्रवास देणारं महानगर जगात क्वचितच सापडेल.

पण लोकलची एक भाषा आहे आणि ती येत नसेल तर स्वस्त तिकीट हातात असून उपयोग नाही. इंडिकेटरवर गाडी कुठे जाणार, स्लो की फास्ट, डबे बारा की पंधरा आणि किती मिनिटांत येणार हे चार तुकड्यांत लिहिलेलं असतं. सवयीचा माणूस जिना उतरतानाच ते वाचतो. नवखा माणूस त्याखाली उभा राहून वाचत असतो तोवर गाडी निघून जाते. माझा सल्ला साधा आहे. दादरच्या दक्षिणेला फिरायचं असेल तर स्लोच पकडावी. गिरगाव चौपाटीसाठी चर्नी रोड, हाजीअलीसाठी महालक्ष्मी, लालबागसाठी चिंचपोकळी किंवा करी रोड, मोहम्मद अली रोडसाठी मशीद किंवा सँडहर्स्ट रोड ही पाहुण्याच्या कामाची स्थानकं आहेत आणि सगळ्या फास्ट गाड्या तिथे थांबत नाहीत. फास्टमध्ये बसलेला पाहुणा चर्नी रोड झपकन मागे जाताना बघतो, मुंबई सेंट्रलला उतरतो आणि घाबरून टॅक्सी करतो. तिथेच दिवसाचा हिशोब कोलमडतो.

वेळेचं गणित त्याहून महत्त्वाचं. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत लहान मूल, म्हातारं माणूस आणि बॅग घेऊन चढू नये. ही सोयीची बाब नाही, जिवाची आहे. उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं रूळ ओलांडताना, गाडीतून पडून किंवा इतर कारणांनी प्राण गमावतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी पडले तेव्हा हा आकडा पुन्हा काही दिवस चर्चेत आला. उपनगरात उतरलेल्या पाहुण्याने सकाळी सातच्या आत निघावं किंवा अकरा वाजेपर्यंत घरी पोहे खात बसावं. जो दक्षिणेत उतरला आहे त्याने मात्र सकाळचीच वेळ साधून उलट दिशेने बोरिवली गाठावी.

कुटुंबाने निघताना आणखी एक गोष्ट ठरवून घ्यावी, ती सहसा कुणी सांगत नाही. बायका बायकांच्या डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये चढणार असतील तर कोणत्या स्थानकावर उतरायचं आणि उतरल्यावर कुठे थांबायचं हे फलाटावरच बोलून घ्यावं. गर्दीत फोन लागला तरी ऐकू येत नाही. बायकांचा डबा कुठे येणार हे फलाटावर उभ्या असलेल्या बायकांच्या घोळक्यावरून बरोबर कळतं. १९९२ साली पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली अशी फक्त महिलांसाठीची संपूर्ण लोकल सुरू केली, तेव्हापासून ही सोय वाढतच गेली आहे. एकटीने फिरणाऱ्या बाईला गर्दीच्या शहरात इतका निर्धास्त प्रवास फार ठिकाणी मिळत नाही. मुंबईची ही मिळकत आहे आणि ती आवर्जून सांगितली पाहिजे.

तिकिटाच्या रांगेत वेळ जातो म्हणून पाहुण्याने परतीचंच तिकीट काढावं. एक, तीन आणि पाच दिवसांचा पर्यटक पासही रेल्वे देते आणि तो तिन्ही मार्गांवर चालतो. पाच-दहा रुपयांच्या तिकिटांपुढे त्यात पैशांची बचत फारशी होत नाही. मात्र दर वेळी रांग लावण्याचा त्रास वाचतो, आणि वाट चुकून चार स्थानकं पुढे गेलेल्या माणसाला विनातिकीट ठरण्याची धास्ती राहत नाही. विनातिकीट सापडल्यास किमान दंड अडीचशे रुपये आणि वर भाडं. म्हणजे चुकून झालेल्या एका प्रवासात कितीतरी दिवसांचा लोकलखर्च जातो.

रविवारचंही सांगायला हवं. देखभालीसाठी रेल्वे मेगाब्लॉक घेते तो प्रामुख्याने रविवारी, साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत. नोकरदाराची सुट्टी म्हणून तो दिवस निवडला गेला आणि त्यात चूक नाही. पण बाहेरगावच्या माणसाचा मुंबई बघण्याचा दिवसही तोच. शनिवारच्या वर्तमानपत्रात ब्लॉकची चौकट येते, ती वाचल्याशिवाय रविवारी घरातून निघू नये.

लोकल उभी धावते, शहर मात्र आडवंही पसरलेलं आहे. स्थानकापासून देऊळ, बाग, समुद्र, लेणी यांच्यापर्यंतचा तुकडा जोडण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या बेस्टने केलं. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली आणि विजेच्या उत्पन्नातून बसचा तोटा भरून काढत लाल बस गल्लोगल्ली नेली. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, बस टिकली. या विषयात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच बसची. दहा-पंधरा वर्षांपूर्वी चार हजारांच्या वर असलेला ताफा तीन हजारांच्या खाली आला आहे. त्यातही बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या बस काही शेकड्यांवर आल्या, बाकीच्या कंत्राटदारांच्या. जुन्या बस भंगारात निघत गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या तितक्या वेगाने आल्या नाहीत. थांब्यावर वीस-पंचवीस मिनिटं उभं राहावं लागलं की मुंबईकर कुरकुरत शेअर रिक्षा पकडतो. पाहुणा समजतो की इथे बस येतच नाही.

थांब्यावर काय होतं ते नीट बघा. लाल खांबावरच्या पाटीवर क्रमांकांची ओळ असते. लांबून बस येते, तिच्या कपाळावर क्रमांक आणि शेवटचं ठिकाण मराठीत असतं आणि इंग्रजी क्रमांक सहसा बाजूला. ज्याला देवनागरी आकडे वाचता येत नाहीत त्याला आपली बस समोरून कळतच नाही. ती पुढे सरकल्यावर बाजूचा आकडा दिसतो आणि तोवर दार बंद होतं. मराठी वाचणाऱ्या पाहुण्याला इथे मोठा फायदा आहे, तो त्याने घ्यावा. पण पाटीवर बस कुठून कुठे जाते, दर किती मिनिटांनी येते, जवळपास काय आहे हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं. ‘चलो’ ॲपवर बस कुठवर आली हे दिसतं. ती सोय चांगली आहे, फक्त ज्याच्या फोनमध्ये ॲप नाही किंवा बॅटरी संपली आहे त्याच्यासाठी खांबावर एक कागद चिकटवायला फार मोठा निधी लागत नाही.

भाड्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं पाच रुपयांवर आणलं आणि वातानुकूलित बसचं सहा रुपये ठेवलं. प्रवासी परत आले. मे २०२५ मध्ये तेच भाडं अनुक्रमे दहा आणि बारा रुपये झालं. तोट्यात गेलेल्या उपक्रमाला पैसे हवे होते हे मान्य, पण शेजारच्या मीटरकडे बघा. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये आहे आणि रिक्षाचं २६. चौघांच्या कुटुंबाला दीड किलोमीटरसाठी बसने चाळीस रुपये पडतात आणि टॅक्सीने एकतीस. तिघांना बसने तीस, रिक्षाने सव्वीस. म्हणजे स्थानकापासून देवळापर्यंतच्या ज्या छोट्या अंतरावर बसने गर्दी उचलायची, तिथेच कुटुंबाला रस्त्यावर एक वाहन वाढवणं स्वस्त पडू लागलं. भाडं ठरवणाऱ्यांनी एकट्या प्रवाशाचा हिशोब केला असणार. सुट्टीत फिरणारी माणसं एकटी नसतात. दिवसभर बसनेच फिरायचं असेल तर ७५ रुपयांचा दैनिक पास फायद्याचा पडतो, मात्र किमान भाड्याच्या अंतरांसाठी सात-आठ वेळा तरी बसमध्ये चढणार असाल तरच.

असं असूनही काही बसप्रवास निव्वळ आनंदासाठी करावेत असे आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवर चालणारी वातानुकूलित दुमजली बस रस्त्यावर आली आणि सीएसएमटी ते एनसीपीए या ए-११५ मार्गावर धावू लागली. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर मुलांना दुसरं काही दाखवावं लागत नाही. १९३७ पासून मुंबईत धावणाऱ्या जुन्या लाल दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या आणि त्याच सुमारास पर्यटकांसाठीची उघड्या छताची ‘निलांबरी’ही थांबली. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारती रात्रीच्या रोषणाईत दाखवणारी ती फेरी १९९७ सालापासून चालत होती. पर्यटनासाठी खास म्हणावी अशी सार्वजनिक वाहतुकीची हीच एक सोय शहराकडे होती, आणि तिच्या जागी त्या तोडीचं दुसरं काही उभं राहिलेलं नाही.

आता मेट्रो. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मार्गिका सुरू झाली तेव्हा पूर्व आणि पश्चिम उपनगरांना जोडणारा आडवा रेल्वेमार्ग प्रथमच मिळाला. नंतर दहिसर-अंधेरी पट्ट्यातल्या २अ आणि ७ या मार्गिका आल्या. पण पाहुण्याच्या दृष्टीने खरा बदल घडवला तो मार्गिका ३ ने. आरेपासून कफ परेडपर्यंतचा हा सुमारे साडेतेहेतीस किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने उघडत गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्याची सत्तावीस स्थानकं वाचत जा. विमानतळाचे दोन्ही टर्मिनल, सिद्धिविनायक, वरळी, सायन्स सेंटर, गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक. गिरगाव-काळबादेवीला आजवर लोकलपासून चालत किंवा बसने जावं लागे. सिद्धिविनायकाला जाणारा भाविक दादरला उतरून टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत असे. तो आता देवळाजवळ जमिनीखालून वर येतो. वेळ वाचवून शहर बघणाऱ्यासाठी या मार्गाला आज तोड नाही.

विमानाने येणाऱ्यालाही मोठी सोय झाली. विमानतळाच्या टी-२ टर्मिनलहून गेटवेच्या भागात मीटरच्या टॅक्सीचे पाचशेच्या पुढे रुपये होतात. मेट्रोचं सर्वांत जास्त भाडं माणशी सत्तर आहे, म्हणजे चौघांचे मिळूनही तीनशेच्या आत. फक्त शेवटची मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते आणि आंतरराष्ट्रीय विमानं अपरात्री उतरतात. अशा वेळी उतरलेल्या माणसाला पहाटेपर्यंत थांबावं लागतं किंवा अंधेरीला जाऊन लोकलची वाट बघावी लागते. लोकलही साधारण एक ते चार या वेळात बंद असते. रात्री बारा ते पहाटे पाच टॅक्सी-रिक्षाला पंचवीस टक्के जास्त भाडं द्यावं लागतं. एवढा खर्च करून विमानतळापर्यंत मेट्रो नेली आहे, तर रात्री दर तासाला एक बस त्याच मार्गावरून वरच्या रस्त्याने का सुटू नये, हे मला समजत नाही.

मेट्रोच्या नावांनी फसू नये. मेट्रोचं दादर आणि रेल्वेचं दादर एका छताखाली नाहीत, दोन्हींच्या मध्ये बाजार, फेरीवाले आणि रस्ता ओलांडणं आहे. मुळात दादरचा रेल्वेपूलच नवख्याची परीक्षा घेतो. वर्षानुवर्षं पश्चिमेचेही फलाट एकपासून आणि मध्यचेही एकपासून होते. ‘दोन नंबरला ये’ म्हटलं की ‘कुठल्या दोनला?’ असं विचारावं लागे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून चौदापर्यंत क्रमांक दिले गेले आणि दादरच्या फलाटांची एकच सलग मोजणी झाली. कोट्यवधींच्या प्रकल्पांच्या बातम्यांमध्ये ही सुधारणा हरवली. पाहुण्याच्या हिशोबाने मात्र ती एखाद्या सरकत्या जिन्याहून मोलाची आहे, कारण मुंबईतला स्वस्त प्रवास अडतो तो नेहमी दोन साधनांच्या सांध्यावर.

तिकिटाचंही तसंच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ हे ॲप आलं. लोकल, मेट्रो, मोनो आणि मुंबई परिसरातल्या पालिकांच्या बस मिळून अकरा संस्थांची तिकिटं एका ठिकाणी काढता येतात. हे पाऊल चांगलंच आहे. पण त्यात तिकीट काढण्याची जागा एक झाली, भाडं एक झालेलं नाही. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका, तिथून दुसऱ्या मेट्रोने वरळी आणि पुढे बस, असा प्रवास केला तर प्रत्येक टप्प्याचं किमान भाडं नव्याने भरावं लागतं. गाडी बदलल्याबद्दल प्रवाशाला भुर्दंड बसतो, आणि बदलल्याशिवाय तर या शहरात कुठे जाता येत नाही. सिंगापूरने २०१० साली हे सोडवलं. तिथे बस आणि रेल्वे मिळून एकूण अंतर मोजतात आणि त्या अंतराचं भाडं लावतात. लंडनमध्ये एका दिवसात कार्डावरून ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे कापले जात नाहीत आणि २०१६ पासून पहिल्या बसनंतर तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे पैसे पडत नाहीत. पाहुण्याला यातून काय मिळतं? तो न घाबरता बस पकडतो, चुकला तर उतरून दुसरी पकडतो. मुंबईत आज चुकण्याची किंमत मोजावी लागते, म्हणून तो टॅक्सीत बसतो.

टॅक्सी-रिक्षाला मी नावं ठेवत नाही. त्या योग्य जागी वापराव्यात. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाही, हे बाहेरगावच्या माणसाला माहीत नसतं आणि तो दादरला रिक्षा शोधत उभा राहतो. उपनगरात स्थानकाबाहेर शेअर रिक्षाची रांग असते. त्या रांगेत उभं राहिलं की जागेवरच भाडं कळतं आणि वाद होत नाहीत. चर्चगेटबाहेरून नरिमन पॉइंटकडे शेअर टॅक्सी जातात. मीटरने जाताना अट एकच, मीटर पाडल्याशिवाय दार लावू नये. देवळाच्या, गेटवेच्या, टर्मिनसच्या तोंडाशी उभी असलेली टॅक्सी सोडून शंभर पावलं पुढे चालावं आणि रस्त्यावरून जाणारीला हात करावा, भाव आपोआप खाली येतो.

पाण्याचा रस्ता पाहुण्याला सर्वांत जास्त आवडतो आणि त्याची माहिती सर्वांत कमी असते. गेटवेहून घारापुरीला बोटीने साधारण तास लागतो. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून रविवारी मुंबईत पोचलेल्याने सोमवारचा बेत घारापुरीचा करू नये. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी धावते, त्यापुढे शंभराहून अधिक पायऱ्या. डिसेंबर २०२४ मध्ये याच जलमार्गावर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीला धडकून पंधरा जणांचा जीव गेला. लाइफजॅकेट उकाड्यात नकोसं वाटलं तरी पट्टे बांधूनच घालावं आणि मुलांच्या मापाचं मागून घ्यावं. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीच्या तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. दिवसभराची इतकी स्वस्त सहल शोधून सापडणार नाही, फक्त पावसाळ्यात ही सेवा बंद राहते. उत्तरेला वर्सोवा-मढ, मार्वे-मनोरी आणि बोरिवलीहून गोराई या तरी आहेत. त्या मासेमारीच्या गावांतल्या लोकांच्या रोजच्या येण्याजाण्यासाठी चालतात, म्हणूनच स्वस्त आहेत. गोराईच्या तरीने जाऊन विपश्यना पॅगोडाचा प्रचंड घुमट बघावा. आत एकही खांब नाही.

आणि चालणं. फोर्टमध्ये कुठलंही वाहन करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. सीएसएमटीहून निघावं, दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून हुतात्मा चौकापर्यंत यावं. त्या कमानी उन्हापावसापासून वाचवण्यासाठीच बांधल्या आहेत आणि आजही ते काम करतात. पुढे काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मग रीगलवरून गेटवे. न थांबता चाललं तर अर्धा-पाऊण तास, थांबत गेलं तर अख्खा दिवस. चर्चगेटच्या बाजूने आलात तर ओव्हल मैदानाच्या एका अंगाला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या अंगाला आर्ट डेको घरांची रांग. २०१८ साली युनेस्कोने या दोन्हींना मिळून जागतिक वारसा ठरवलं. ते बघायला तिकीट नाही. भायखळ्याला उतरलात तर राणीची बाग आणि तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर आहे.

फोर्टच्या बाहेर मात्र चालणाऱ्याचे हाल आहेत. पदपथ खोदलेला, नाहीतर गाड्यांनी व्यापलेला, आणि सिग्नल असा की म्हातारं माणूस मध्यावर असतानाच वाहनं सुटतात. २००८ च्या वाहतूक अभ्यासात या महानगर प्रदेशातल्या जवळपास निम्म्या फेऱ्या पायी होत असल्याचं दिसलं होतं. तरी सुमारे चौदा हजार कोटी खर्चून सागरी किनारा मार्ग झाला तो प्रामुख्याने चारचाकीसाठी. दुचाकी आणि रिक्षाला तिथे बंदी आहे आणि बसच्या फेऱ्या मोजक्या. समुद्राच्या काठाने जाणारा तो रस्ता सुंदर आहे. दर दहा मिनिटांनी त्यावरून वरळी ते मरीन ड्राइव्ह अशी दुमजली बस गेली तर मुंबई बघायला आलेला प्रत्येक जण तिच्यात बसेल आणि बेस्टचं तिकीटही खपेल.

उतरायचं कुठे यावर निम्मा वाहतूकखर्च ठरतो. लॉज स्वस्त मिळतो म्हणून स्थानकापासून चार किलोमीटर आत राहणाऱ्याचे रोज दोन वेळचे रिक्षाचे पैसे त्या स्वस्ताईला खाऊन टाकतात. माझी पसंती दादरच्या परिसराला. पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्ग तिथे भेटतात, मेट्रोही चालण्याच्या अंतरावर आहे आणि जेवणखाणं रास्त दरात मिळतं. ते परवडत नसेल तर वाशी किंवा ठाण्याला स्थानकाजवळ खोली घ्यावी. दादरहून दिवस सुरू केला तर भायखळा, सीएसएमटी, पायी गेटवे, बसने चर्चगेट आणि लोकलने परत, असा सगळा प्रवास माणशी चाळीस-पन्नास रुपयांत होतो.

पाहुण्यांची नीट सोय करणं शहराला जमत नाही असं कुणी म्हणू नये, कारण दरवर्षी ६ डिसेंबरला ते जमतं. आदल्या रात्रीपासून मध्य रेल्वे जादा लोकल सोडते, बेस्ट शिवाजी पार्कसाठी जादा बस लावते आणि दैनिक पास जागेवर विकते, पालिका पाणी आणि शौचालयं उभी करते. दादर स्थानकापासून चैत्यभूमीपर्यंत दिशा दाखवणारे फलक आणि माणसं उभी असतात. मराठी सोडून दुसरी भाषा न येणारी, पहिल्यांदाच मुंबईत आलेली म्हातारी माणसं त्या दिवशी वाट न चुकता पोचतात आणि परत जातात. स्थानकाच्या प्रत्येक दाराबाहेर कुठली बस कुठून सुटते ते सांगणारा मराठी फलक, थांब्यावर वेळापत्रक, चौघांच्या कुटुंबासाठी एक दैनिक पास आणि रविवारच्या ब्लॉकच्या वेळेत जादा बस, एवढं तरी मे महिन्यात आणि गणपतीत व्हायला हवं. रेल्वे, बेस्ट आणि पालिका यांची माणसं तीच आहेत.